गुणाजीची बेचाळिसावी फेरी

गुणाजी डोर्लेकरानं आठ वर्षांत एकेचाळीस सिनेमे काढले, आणि मिऱ्या बंदरालगतच्या त्याच्या वाडीत त्यातल्या एकाचंही नाव कुणाला धड सांगता येत नव्हतं. वाडीच्या लेखी तो 'मुंबैत कायतरी पडदे ओढतो'. हे अगदीच खोटं नव्हतं, म्हणून गुणाजीला जास्त झोंबायचं.

सुरुवात पडद्यांनीच झाली होती. एकोणीसशे बावीस साली तो सुकी मासळी नेणाऱ्या मचव्यावर खलाशी होता. मुंबईच्या धक्क्यावर माल उतरला की बाकीचे खलाशी पाय पसरायचे, हा शहरभर भटकायचा. असाच एकदा दादरला एका सिनेमा कंपनीच्या कुंपणावरून डोकावला, तर आत राक्षसाच्या दरबारात बोंबाबोंब चालली होती. त्या काळी सिनेमे उन्हात निघत. दरबार म्हणजे रंगवलेल्या फळ्या, वर छप्पर नाही. ऊन नटांच्या डोळ्यांखाली काळे खड्डे पाडू नये म्हणून वर पांढरी कापडं ताणलेली असत. त्या दिवशी वारा सुटला होता आणि राक्षसाच्या तोंडावर सावल्या नाचत होत्या. चार माणसं दोऱ्या धरून लोंबकळत होती आणि चौघांच्याही गाठी सुटत होत्या. गुणाजीला ते बघवेना. त्यानं कुंपणावरून उडी टाकली, शिडाला मारतात तशा गाठी मारल्या, कापड तंग केलं आणि आभाळाकडे बघून म्हणाला, "आता ईस मिन्टं बसा. ढग येतोय." ढग आला. मचवा रत्नागिरीला परत निघाला तेव्हा त्यावर एक खलाशी कमी होता.

तीन वर्षं त्यानं दोऱ्या ओढल्या. मग एका सिनेमाच्या मधोमध दिग्दर्शकसाहेब शेठशी भांडून, राणीचा मुकुट आपटून निघून गेले. शेठनं चहूकडे पाहिलं. उद्या दहा वाजता ऊन कुठल्या खांबावर येईल हे सांगू शकणारा एकच माणूस तिथं होता, आणि तो वर चढून गाठ मारत बसला होता. "डोर्लेकर, खाली उतर आणि हे संपव," शेठ म्हणाले. गुणाजीनं नऊ दिवसांत संपवलं.

तेव्हापासून तो थांबलाच नाही. तांडेल मचवा चालवतो तसा तो सिनेमा चालवी. हुकूम एकदाच, ओरडून. ऊन डोक्यावरून कलेपर्यंत कुणी जेवायचं नाही. एक देखावा एकदाच घ्यायचा, कारण वारा दुसऱ्यांदा तसाच मिळत नाही. नारळी पौर्णिमेला हंगाम उघडायचा, वैशाखात मिटायचा, आणि तेवढ्यात पाच सिनेमे डब्यात. सिनेमाला तो सिनेमा म्हणत नसे, फेरी म्हणे. माल भरला, शीड चढवलं, माल उतरवला, पुढची फेरी. देव झाले, दैत्य झाले, तलवारबाज झाले, जंगलच्या राण्या झाल्या. चांगले होते का? बहुतेक नव्हते. पण एकही मध्येच बुडाला नाही, आणि एवढं म्हणू शकणारे दिग्दर्शक दादरला दोनसुद्धा नव्हते.

पावसाळ्यात ना ऊन ना बोटी, म्हणून हंगामातल्या शेवटच्या आगबोटीनं तो घरी यायचा. घरी होती त्याची थोरली बहीण धोंडूबाई. ती रत्नागिरीच्या बाजारात मासळी विकायची आणि तिच्याशी भाव करायला वकिलांच्या बायकासुद्धा जरा बिचकायच्या. तिचा नवरा धाकू तांडेल बावीस सालच्या वादळात होडीसकट गेला. प्रेत मिळालं नाही. तीन महिने ती रोज बंदराच्या टोकावर जाऊन कपाळावर हात धरून समुद्राकडे बघायची. मग वाडीचा म्होरक्या रावजी गावकर यानं ठरवलं की आता वाट बघणं पुरे. त्याच्या बायकोनं येऊन धोंडूबाईचं कुंकू पुसलं आणि जात्यावर तिचे हात आपटून बांगड्या फोडल्या. पुढे दोनदा पाटासाठी, म्हणजे दुसऱ्या लग्नासाठी, विचारणं झालं. दोन्ही वेळा ती म्हणाली, "एका तांडेलाचं रांधून झालं. आता माजं मी रांधतंय."

ती दर वर्षी भावाला विचारायची, "कितवी फेरी रे, गुण्या?"

"तेहतिसावी."

"आनि बायांना काय करायला लावतंस?"

"रडायला."

"सगळ्यांना?"

गुणाजी जरा आठवून म्हणे, "बहुतेक सगळ्यांना." त्यावर ती खो खो हसायची आणि त्याच्या ताटात आणखी एक बांगडा टाकायची.

मग बोलपट आले. दोन वर्षांत कंपनीत उन्हाची गरजच उरली नाही. बंद खोली, दिवे, आणि भिंतीला गोधड्या. तेहतीस सालच्या मार्चमध्ये शेठनं गुणाजीला बसवून घेतलं, चहा दिला आणि सांगितलं की बोलपटाला शुद्ध बोलणारा माणूस लागतो. नटांना शब्द शिकवायचे असतात. "तुझी जीभ बंदरावरची आहे, डोर्लेकर. वाईट वाटून घेऊ नकोस."

गुणाजीला वाईट वाटलं नाही, संताप आला. एकेचाळीस फेऱ्या याच जिभेनं ओरडून काढल्या होत्या. पण तो शेठला एवढंच म्हणाला, "मग मला एक शेवटची मुकी फेरी द्या. माझी गोष्ट. माझ्या बंदरावर." लहान गावांतल्या सिनेमाच्या तंबूंना अजून मूकपट लागत होते, म्हणून शेठनं होकार दिला, पण मोजून दिला. कच्च्या फिल्मचे ठरावीक डबे, एक कॅमेरावाला, एक नटी, आणि मे महिन्याच्या शेवटच्या आगबोटीनं परत.

गोष्ट साधी होती. एक तांडेल, त्याची बायको. तो होडी लोटतो, ती किनाऱ्यावर हसत उभी राहते. तो परतत नाही. ती कुंकू पुसते. एकेचाळीस खोट्या गोष्टींनंतर ही एक खरी, आणि ती कुणाची हे वाडीतल्या कुत्र्यालाही कळलं असतं. ज्या बाईची होती तिला मात्र गुणाजीनं विचारलं नव्हतं.

आगबोट बंदरापासून लांब थांबली. लहान पडावात उतरताना नटी दमयंती दोनदा ओकली. किनाऱ्यावर पाय टेकताच वाळत घातलेल्या मासळीचा वास आला, आणि ती म्हणाली, "हे असं तीन आठवडे?" दुसऱ्या दिवशी ती परतीच्या बोटीत होती. कॅमेरावाला आत्माराम मुळातच कमी बोलणारा. तो तिवईवर हात ठेवून म्हणाला, "आता?"

"आता काय? वाडीत बाया काय कमी हायत?" गुणाजी म्हणाला. गावी आल्याबरोबर त्याची जीभ बंदरावर आली होती.

शेजारची कमळा लगेच तयार झाली. दिसायला ठसठशीत, हसायला मोकळी. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि शेवटाला मान हलवली. "हसेन, होडी बघेन, रडेन सुदिक. कुंकू पुसायचं नाय."

"अगो, खेळातलं पुसणं!"

"माजा घोव खेळातल्या दर्यावर जातो काय रे?"

मग दुसरी, मग तिसरी. लग्न झालेल्या बायका पुसायला तयार नाहीत. आणि ज्या पुसायला तयार, त्या विधवा, त्यांनी लावायचं नाही. गुणाजी वाळूत डोकं धरून बसला. मुंबईत एकेचाळीस सिनेमांत त्यानं किती कपाळं पुसायला लावली होती, एकदाही मनात आलं नव्हतं की त्या कपाळाखालची बाई कुणाची तरी बायको असेल. ज्या गोष्टीवर त्याच्या वाडीतली पोरंसुद्धा चुकली नसती तिथंच हा मोठा दिग्दर्शक आपटला होता.

कंपनीतली युक्ती आत्मारामला ठाऊक होती. हसायला कमळा घ्यायची. पुसायला कुणी विधवा घ्यायची, पाठमोरी, पदर ओढून. तंबूत कुणाला कळतंय? गुणाजी उठून थेट घरी गेला. धोंडूबाई मागच्या दारी मासळी साफ करत होती. त्यानं सांगितलं. सांगता सांगता गोष्टही सांगावी लागली.

तिनं सुरी खाली ठेवली. "म्हंजे माजी गोष्ट."

"तशी तुजीच."

"हसायला कमळी. आनि रडायला मी, ती पन पाठमोरी." तिचा आवाज चढला. "अरे मेल्या, मी धाकूबरोबर सात वर्सं हसलंय! ती तुला दिसली नायत? बाकी एकेचाळीस तू काय बी केलंस, मी हसलंय तुला. ही माजी हाय. अर्दी देनार नाय मी. हसेन बी मी, कुंकू बी मी लावीन, हिरव्या बांगड्या बी. तोंड समोर ठेवून. नायतर जा बोटीत बसून."

गुणाजीला आनंद झाला. भीतीही वाटली. "रावजी काय म्हनंल?"

"रावजीला विचार की मग. त्याचीच गोष्ट काढ."

रावजी जे म्हणायचं ते दुसऱ्याच दिवशी दारात येऊन म्हणाला. विधवेनं कुंकू लावून किनाऱ्यावर उभं राहिलं तर होड्या रिकाम्या येतील, दर्या कोपेल. असलं काही झालं तर डोर्लेकरांचं घर वाळीत. विस्तव नाही, पाणी नाही, मयताला खांदा नाही. आणि एकाही पुरुषानं त्यांच्या होडीला हात लावायचा नाही. गुणाजी मुंबईतल्या सवयीनं समजूत घालायला गेला. मागून धोंडूबाई म्हणाली, "रावजी, धाकू गेला तवा मी घरातच हुतं, कुंकू लावून, नेम पाळून. दर्या कोपायचा ऱ्हायला काय?" रावजी वळला आणि त्याच संध्याकाळी विहिरीवर लोक गुणाजीला बघून बाजूला झाले.

शेवटच्या बोटीला चार दिवस उरले होते. बाकीची सगळी गोष्ट, घर, बाजार, जाळी, गुणाजीनं दोन दिवसांत उरकली. त्यात तो तरबेज होता. धोंडूबाई कॅमेऱ्यापुढे अशी वावरली की जणू आत्माराम हा गिऱ्हाईक होता आणि भाव पटत नव्हता. राहिला किनारा, आणि होडी.

बापाची जुनी होडी नारळाच्या झापांखाली उपडी पडलेली होती. ती लोटायला आठ माणसं लागत. पुरुष लांब वाळूत हाताची घडी घालून उभे होते, पुढे रावजी. गुणाजी आणि आत्मारामनं खांदा लावला. होडी जागची हलेना. मागे कुणीतरी हसलं. तेवढ्यात कासोटे खोचून बाया आल्या, पुढे कमळा.

"तू तर नाय म्हनलीस," गुणाजी म्हणाला.

"पुसनार नाय म्हटलं. लोटनार नाय कुटं म्हटलं?"

होडी पाण्यात गेली. पण होडीत बसायला पुरुष नव्हता. कॅमेरा आत्मारामशिवाय फिरत नव्हता. उरला गुणाजी. शिडाआड कोण आहे हे कॅमेऱ्याला दिसत नाही, आणि शीड कसं धरायचं हे त्याचे हात अकरा वर्षांत विसरले नव्हते. त्यानं आत्मारामला बजावलं की शेवटचा डबा आहे, शीड टोकाआड जाईपर्यंत हँडल फिरवत राहायचं, थांबायचं नाही. बहिणीला बजावलं, "शीड दिसेनासं झालं की हात वर न्यायचा आनि कुंकू पुसायचं. हळू. घाई नाय." ती हो म्हणाली नाही, हेही त्याच्या ध्यानात आलं नाही.

आणि तो निघाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या सिनेमाचा देखावा चालू होता आणि तो ओरडायला तिथं नव्हता. मागे वळून बघता येत नव्हतं, वारा टोकाशी फिरत होता. फिरून किनाऱ्याला लागला तेव्हा ऊन कललं होतं, आत्माराम डब्याला पट्टी चिकटवत होता, आणि धोंडूबाई तिथंच उभी होती. कपाळावर कुंकू होतं. अख्खं.

"पुसलंस नाय?"

"नाय."

"बाय! शेवट हुता तो!"

"हात वर नेला. तू सांगितलंस तसा. कपाळापर्यंत नेला." तिनं हात उचलून दाखवला. बोटं कुंकवाशी आली, आणि तिथून पुढे गेली नाहीत. आडवी होऊन भुवयांवर राहिली, लांबचं शीड बघायला किनाऱ्यावरची बाई धरते तशी. "मग हात तितंच ऱ्हायला. मागच्या येळी रावजीच्या बायकोनं पुसलं. माज्या हाताला कुनी विचारलं नव्हतं. आज हात माजा हुता, गुण्या."

गुणाजीनं आत्मारामकडे पाहिलं. आत्माराम म्हणाला, "डबा संपला." मग, त्याच्या मानानं बरंच बोलायचं म्हणून, "संपेपर्यंत फिरवत होतो. थांबवावंसं वाटलं नाही."

दादरला अंधाऱ्या खोलीत तो तुकडा पडद्यावर पडला तेव्हा गुणाजी खुर्चीतून उठून उभा राहिला. एवढ्या फेऱ्यांत असं काही त्याच्या हातून उतरलं नव्हतं, आणि हे उतरलं तेव्हा तो समुद्रात दोरी ओढत होता. त्याला हसू आलं आणि डोळेही भरले. शेठना मात्र यातलं काही आलं नाही. "विधवा कुठंय? लोक रडणार कशावर?" पुन्हा घ्यायला ना ऊन होतं ना बोट. शेठनं तोडगा काढला. मूकपटात मजकुराच्या पाट्या असतात, तशी शेवटी एक पाटी: 'ईश्वराची कृपा झाली व पती सुखरूप परतला.' कुंकवाचा प्रश्न मिटला.

"ती पाटी काढा," गुणाजी म्हणाला, "नाहीतर माझं नाव काढा."

शेठनं नाव काढलं. ते सोपं होतं.

गुणाजी ट्रंक उचलून निघाला आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा मचव्यावर चढला, आता तांडेल म्हणून, कारण रावजीच्या वाडीबाहेर अजून माल होता आणि खलाशीही होते. घराला वाळीत टाकलेलंच होतं. धोंडूबाईनं कुंकू त्याच दिवशी समुद्राच्या पाण्यानं स्वतः धुतलं. हिरव्या बांगड्या मात्र ठेवल्या. बाजारात कुणी बोट दाखवलं की ती टोपली खाली ठेवून दोन्ही हात पुढे करायची आणि म्हणायची, "फोड." कुणी पुढे आलं नाही.

माघात रत्नागिरीच्या मैदानात सिनेमाचा तंबू लागला. चौथ्या दिवशी गाडीवर जाहिरात फिरली आणि वाडीला कळलं की आपला किनारा पडद्यावर येणार. वाळीत टाकणारे आणि टाकलेले सगळे दिवेलागणीला तंबूत. पुरुष एकीकडे, बाया दुसरीकडे, मध्ये दोरी. रावजी सगळ्यांत पुढे. तंबूवाल्याला पाट्या मोठ्यानं वाचून दाखवणारा माणूस लागायचा, कारण निम्म्या लोकांना वाचता येत नसे. त्या दिवशी त्याचा माणूस तापानं पडला होता. गुणाजी पुढे होऊन म्हणाला, "मी वाचतो."

पडद्यालगत उभा राहून त्यानं वाचलं. शेठनं लिहवून घेतलेली शुद्ध वाक्यं तो आपल्या बोलीत सांगत गेला आणि लोक हसत गेले, कमळानं तर आपण लोटलेली होडी ओळखून शिट्टी मारली. मग किनारा आला. शीड लांब गेलं. पडद्यावर धोंडूबाईचा चेहरा, तंबूएवढा. हात वर आला. हात कपाळाशी आला, आडवा झाला, आणि तसाच राहिला. किती तरी वेळ.

मग पाटी आली. पांढरी अक्षरं: ईश्वराची कृपा.

गुणाजीनं पाटीकडे पाठ केली. "घोव बुडाला," तो म्हणाला. "परत आला नाय. बाय हुबी हाय. कुंकू तिचं हाय, पुसायचं का ठेवायचं तिचं ती बघंल."

रावजी उठला. तो चार इयत्ता शिकला होता. "खोटं सांगतोस! पाटीवर काय लिवलंय ते वाच!"

"पाटी शेठची हाय. चित्र आमचं हाय."

गलका झाला. कुणी 'वाच' म्हणे, कुणी रावजीला 'बस' म्हणे. तंबूवाला कंदील घेऊन धावत आला. त्या सगळ्यावर बायांच्या बाजूनं बांगड्या वाजल्या, आणि बाजारात चार गल्ल्यांपलीकडे पोचणारा तो आवाज आला.

"गुण्या! परत सांग. मागं आयकू येत नाय."

गुणाजीनं छाती भरून श्वास घेतला आणि बंदरावर मारतात तशी हाळी देऊन पुन्हा सांगितलं.